श्लील-अश्लीलाच्या मधल्या पायऱ्या

चित्रपट रसास्वादाची शिबिरं घेऊ लागल्यापासून एक प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक गावात भेटला आहे. कार्यक्रम संपतो, सतरंज्या गुंडाळल्या जात असतात आणि मागे रेंगाळलेली एखादी आई हळूच जवळ येते. ‘ताई, आजचा सिनेमा आमच्या मुलीला दाखवू का? आठवीत आहे.’ मी विचारते, ‘तुम्हाला कसा वाटला?’ ती म्हणते, ‘चांगलाच आहे हो. पण त्यात ते आहे ना...’ ‘ते’ म्हटल्यावर ती थांबते आणि पुढचं मी समजून घ्यावं अशी तिची अपेक्षा असते.

सिनेमा चांगला की वाईट, हे त्या आईला माझ्याकडून ऐकायचं नसतं. ते तिचं तिला कळलेलं असतं. तिला तीनच गोष्टी ठरवायच्या असतात : त्यात काय आहे, किती आहे आणि कशासाठी आहे. प्रौढांसाठीच्या आशयाचं वर्गीकरण करणाऱ्या सगळ्या पद्धती, मग त्या सरकारी असोत की खासगी, पडद्यासाठी असोत की मोबाइलसाठी, याच तीन प्रश्नांशी झगडत आल्या आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्यासाठी कोष्टकं करता येतात. तिसऱ्यापाशी मात्र सगळ्यांचीच परीक्षा होते. हे पुस्तक त्या तीन प्रश्नांभोवती फिरतं.

मराठीला या विषयात शब्दांची कधीच ददात नव्हती. शृंगारिक, चावट, आंबट, वाह्यात, उत्तान, अश्लील, बीभत्स असे शब्द ओळीने मांडले तर एक उतरंडच तयार होते. यातला कुठला शब्द कुठे वापरायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी आपण सहसा चुकत नाही. डोहाळजेवणाला घरातली म्हातारी बाई चावट उखाणा घेते तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसतात आणि पोरीबाळींना तिथून उठवायचं कुणाच्या मनातही येत नाही. तोच उखाणा कचेरीत एखाद्या पुरुषाने सहकारी बाईला ऐकवला, तर तो वाह्यातपणा होतो आणि आज त्याची रीतसर तक्रारही करता येते. शब्द तेच असतात. बदलतं ते कोण, कुणाला, कुठे आणि कशासाठी बोलतं हे.

ही जाण आपल्याकडे जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्राने अश्लीलता हा काव्यदोष मानला, पण त्याचं एकच गाठोडं बांधलं नाही. वामन आणि पुढे मम्मट यांनी अश्लीलाचे तीन प्रकार सांगितले : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात काय उमटतं, त्यावरून त्यांनी वर्ग पाडले. मम्मटाने तर याहून पुढची गोष्ट सांगितली. दोषही प्रसंगानुसार दोष राहत नाही. प्रणयाच्या गोष्टी रंगल्या असताना लाज आणणारा शब्द खपतो आणि वैराग्याच्या बोधात किळस आणणारं वर्णन गुण ठरतं. संदर्भ पाहून आशय तोलायचा, हे तत्त्व आज जगभरच्या प्रमाणन मंडळांच्या मार्गदर्शिकांत छापलेलं असतं. ते अकराव्या शतकातल्या एका काश्मिरी पंडिताने इतकं स्पष्ट मांडून ठेवलं होतं, याचा मला फार आधार वाटतो.

कायद्याने मात्र ही उतरंड मोडली आणि तिच्या जागी दोन खण केले. १८६८ साली इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्यात एक कसोटी ठरली. ज्यांची मनं अशा वाईट प्रभावाला सहज बळी पडू शकतात त्यांच्या हाती हा मजकूर पडला, तर तो त्यांना बिघडवील का, एवढंच तपासायचं. या कसोटीने सगळ्यांत हळव्या वाचकाला सगळ्यांचा प्रतिनिधी केलं. प्रौढ वाचकाचं मापही मग कोवळ्या मुलाच्या अंगावरून घेतलं जाऊ लागलं. ब्रिटिश राजवटीबरोबर ही कसोटी आपल्याकडे आली, आणि १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात, ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने ती थोड्याफार फरकाने स्वीकारली. तिथून सुटायला २०१४ साल उजाडावं लागलं. अवीक सरकार खटल्यात न्यायालयाने हिक्लिनची कसोटी बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाच्या मापाने, संपूर्ण संदर्भात पाहायचं ठरवलं. प्रकरण टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या एका नग्न छायाचित्राचं होतं. वर्णद्वेषाविरुद्धचं विधान म्हणून ते काढलेलं होतं.

दोन खणांची किंमत महाराष्ट्राने आधीच मोजली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि संततिनियमन, गुप्तरोग, कामजीवन यांवर सरळ, कोरड्या, शास्त्रीय भाषेत लिहायला घेतलं. वाचक आपल्या शंका पत्रांतून विचारत आणि कर्वे त्यांना उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनही खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. आज ती पत्रोत्तरं आपण ‘लैंगिक शिक्षण’ या शीर्षकाखाली ठेवू. तेव्हा असा खणच नव्हता. एका बाजूला निर्दोष मजकूर होता, दुसऱ्या बाजूला अश्लील. माहिती देणारा मजकूर आणि चाळवणारा मजकूर यांच्यामध्ये कुणी रेघ ओढलेली नव्हती, म्हणून माहिती देणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

पुढे १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. कथा थोर साहित्य आहे असं न्यायालय म्हणालं नाही. संपूर्ण कृती पाहायला हवी, काळाबरोबर समाजाची मापं बदलतात आणि कामविषयाचा उल्लेख म्हणजेच अश्लीलता असं धरलं तर धार्मिक ग्रंथांशिवाय काही विकताच येणार नाही, अशी त्या निकालामागची धारणा होती. मला त्या निकालात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. एखादी कथा सामान्य असू शकते, थोडी उत्तान असू शकते, आणि तरीही गुन्हा नसू शकते. न्यायालयाने त्या दोन खणांच्या मधली एक पायरी दाखवली होती.

ही मधली पायरी पुस्तकांना मिळाली नाही. ती मिळाली सिनेमाला. १९१८ च्या कायद्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत तपासणी मंडळं आली, पण तेव्हा प्रश्न एवढाच असे की दाखवायचं की नाही. १९४९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘यू’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग झाले : सर्वांसाठी आणि केवळ प्रौढांसाठी. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने ते कायम ठेवले. ही घटना लहान दिसते. माझ्या दृष्टीने आपल्या दृश्यसंस्कृतीच्या इतिहासातलं ते एक मोठं वळण आहे. ‘दाखवू नका’ म्हणण्याऐवजी ‘यांना दाखवा’ असं राज्यसंस्थेने प्रथम म्हटलं. प्रौढ नागरिक हा वेगळा प्रेक्षक आहे, त्याला मुलापेक्षा अधिक पाहण्याचा हक्क आहे, हे त्या एका अक्षराने मान्य केलं.

त्या अक्षरावरूनच ख्वाजा अहमद अब्बास यांचा प्रसिद्ध खटला उभा राहिला. त्यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या लघुपटात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. मंडळाने ‘ए’ दिलं. अब्बास यांना ‘यू’ हवं होतं, कारण त्यांच्या मते ती दृश्यं कुणाला चाळवण्यासाठी घेतलेली नव्हती, श्रीमंती आणि दारिद्र्य यांतली दरी दाखवण्यासाठी होती. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्वतपासणी घटनाबाह्य नाही असं ठरवलं आणि वयानुसार दोन वर्ग पाडणंही योग्य मानलं. पण सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी हेही स्पष्ट केलं की कामविषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, आणि कलाकृती तपासताना हा भेद मार्गदर्शक तत्त्वांत यायला हवा. त्याच सुमारास न्यायमूर्ती जी. डी. खोसला यांच्या समितीचा अहवाल आला होता. कथेच्या ओघात आवश्यक असेल आणि नाजूकपणे हाताळलेलं असेल, तर चुंबनाचं किंवा नग्न देहाचं दृश्य केवळ ते तसं आहे म्हणून वगळू नये, असं त्या समितीने म्हटलं होतं.

१९८३ साली ‘यूए’ आणि ‘एस’ हे आणखी दोन वर्ग आले. ‘एस’ म्हणजे डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यवसायातल्या प्रेक्षकांसाठी. मंडळाचं नावही तेव्हाच बदललं आणि ‘सेन्सॉर’च्या जागी ‘प्रमाणन’ हा शब्द आला. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘सेन्सॉर’च आहे, आणि त्याला कारणही आहे. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर जे प्रमाणपत्र येतं, त्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली कधी कधी एक त्रिकोण असतो. तो असला की समजायचं, या चित्रपटात कापाकापी झाली आहे. लहानपणी टॉकीजमध्ये तो त्रिकोण शोधायचा आम्हा भावंडांना नादच होता. मोठेपणी त्याचा अर्थ कळला, तेव्हा त्या प्रमाणपत्रात दोन वेगळी कामं एकाच कागदावर बसलेली दिसली. अक्षर सांगतं की हा चित्रपट कुणासाठी आहे. त्रिकोण सांगतो की तुमच्यासाठी त्यातलं काही काढून टाकलं आहे. पहिलं काम वर्गीकरणाचं, दुसरं कात्रीचं. या दोन कामांची गल्लत हा आपल्या सगळ्या वादांचा मूळ झरा आहे.

आता ‘किती’ या प्रश्नाकडे येऊ. उघडेपणा मोजायचा कसा? जगभरच्या तपासनिसांच्या नजरेत साधारण सारख्याच गोष्टी असतात. देह किती झाकलेला आहे, कॅमेरा किती जवळ आहे, दृश्य किती वेळ टिकतं, ते पुन्हा पुन्हा येतं का, क्रिया सूचित आहे की दाखवलेली, दाखवलेली असेल तर अभिनय आहे की प्रत्यक्ष, संवादात उल्लेख आहे की वर्णन, आणि कामक्रियेला हिंसेची जोड आहे का. दार बंद होतं आणि दिवा मालवतो, ही एक पायरी. चादरीखालची हालचाल ही दुसरी. देह दिसतात पण क्रिया दिसत नाही, ही तिसरी. सगळंच दिसतं, ही शेवटची.

या पायऱ्यांचं सर्वांत नेटकं कोष्टक १९९० च्या दशकात अमेरिकेत तयार झालं. इंटरनेट नवं होतं आणि पालक धास्तावलेले होते. तेव्हा आरएसएसीआय नावाची पद्धत आली. भाषा, नग्नता, कामक्रिया आणि हिंसा अशा चार पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर शून्य ते चार अंक. नग्नतेच्या पट्टीवर अंगप्रदर्शन करणारे कपडे म्हणजे एक, अर्धनग्नता म्हणजे दोन, समोरून पूर्ण नग्नता म्हणजे तीन आणि चाळवणारी पूर्ण नग्नता म्हणजे चार. कामक्रियेच्या पट्टीवर आवेगी चुंबन म्हणजे एक, कपड्यांवरून स्पर्श म्हणजे दोन, आणि असं करत उघड क्रियेला चार. संकेतस्थळाच्या मालकाने स्वतःच अंक द्यायचे आणि घरच्या संगणकावर पालकांनी मर्यादा लावायची, अशी योजना होती. कल्पना प्रामाणिक होती. या पट्टीचा मोठा गुण असा की ती ‘वाईट’ हा शब्दच वापरत नव्हती. तिथे फक्त वर्णन होतं.

पण याच पट्टीवर मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ ठेवून पाहा. समोरून पूर्ण नग्न, म्हणजे अंक तीन. स्तनांच्या कर्करोगाची स्वतः तपासणी कशी करावी, हे दाखवणारं चित्रही एक-दोन पायऱ्या चढून बसेल. बाहुबलीची श्रवणबेळगोळची मूर्ती, अर्भकाला पाजणारी आई, युद्धाची बातमी, सगळं त्याच कोष्टकात. बातम्या देणाऱ्या संस्थांना स्वतःच्या वार्तांकनावर असे अंक चिकटवणं मानवलं नाही आणि बहुसंख्य संकेतस्थळांनी अंक दिलेच नाहीत. ज्याला अंक नाही ते अडवायचं तर निम्मं जग बंद होतं, न अडवायचं तर पट्टीचा उपयोग काय, या पेचात ती पद्धत विझत गेली. तिच्याकडून शिकायचं ते एवढंच : मात्रा मोजता येते, पण नुसती मात्रा आंधळी असते.

ब्रिटनच्या वर्गीकरण मंडळाने याच ठिकाणी ‘कशासाठी’ हा प्रश्न घातला. तिथे अठरा वर्षांच्या वर दोन वर्ग आहेत. ‘१८’ हा सर्वसाधारण प्रौढांचा, आणि १९८२ साली आलेला ‘आर १८’ हा केवळ परवानाधारक दुकानांत किंवा थिएटरांत मिळणाऱ्या कामचित्रफितींचा. दोन्हींत नग्नता असू शकते. एखाद्या गंभीर चित्रपटात प्रत्यक्ष कामक्रियेचं दृश्यही संदर्भाने समर्थनीय असेल, तर ते ‘१८’ मध्ये राहू शकतं. पण ज्या कृतीचा मुख्य हेतूच वासना चाळवणं हा आहे आणि ज्यात प्रत्यक्ष क्रिया उघड दाखवली आहे, ती ‘आर १८’ मध्ये जाते. हेतू ओळखणं ही अवघड गोष्ट आहे हे मंडळाला माहीत आहे, म्हणून ते वेळोवेळी सामान्य नागरिकांची मतं घेऊन आपली मार्गदर्शिका सुधारतं आणि प्रत्येक चित्रपटाला तो वर्ग का दिला हे थोडक्यात प्रसिद्ध करतं. मला ही कारण सांगण्याची सवय त्या अक्षर-आकड्यांपेक्षाही मोलाची वाटते.

‘कशासाठी’ हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत तीव्रपणे विचारला गेला तो ‘बँडिट क्वीन’च्या वेळी. या चित्रपटात फूलनदेवीला गावासमोर विवस्त्र करून फिरवण्याचं दृश्य आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ए’ प्रमाणपत्र कायम ठेवताना त्या दृश्याचा परिणाम काय होतो हे तपासलं. ते पाहून वासना जागी होत नाही. अंगावर शहारे येतात, त्या बाईविषयी कणव आणि तिच्यावर अन्याय करणाऱ्यांविषयी चीड वाटते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पट्टीने मोजलं तर ती पूर्ण नग्नता आहे. मनाने मोजलं तर ती एका गावाची लाज आहे. मम्मटाची आठवण मला इथे पुन्हा येते.

मराठीत असाच एक प्रसंग आला तो रवी जाधव यांच्या ‘न्यूड’चा. कलाशाळेत चित्रकारांसमोर विवस्त्र बसून मुलाच्या शिक्षणासाठी कमावणाऱ्या बाईची ही गोष्ट. २०१७ च्या गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय पॅनोरमाची सुरुवात या चित्रपटाने व्हायची होती. तो ऐनवेळी वगळला गेला. पुढच्या वर्षी प्रमाणन मंडळाच्या, विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीने तो एकही कट न सुचवता ‘ए’ प्रमाणपत्रासह मंजूर केला. ‘न्यूड’ हे शीर्षक वाचून ज्यांना भीती वाटली आणि चित्रपट पाहून ज्यांनी तो जसाच्या तसा सोडला, त्यांच्यात फरक एवढाच होता की दुसऱ्यांनी तो आधी पाहिला. वर्गीकरणाचा पहिला नियम मला या प्रसंगातून मिळाला. पाहिल्याशिवाय वर्ग देता येत नाही.

इथे लेबलांच्या बदनामीविषयीही बोललं पाहिजे. १९६८ साली अमेरिकेत चित्रपट उद्योगाने स्वतः चार वर्ग सुरू केले. त्यातला शेवटचा ‘एक्स’ म्हणजे मुलांना प्रवेश नाही. दुसऱ्याच वर्षी आलेल्या ‘मिडनाइट काउबॉय’ला ‘एक्स’ मिळालं होतं आणि तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्यालाच मिळालं. पण ‘एक्स’ या अक्षराची नोंदणी केलेली नव्हती. कामपटांच्या व्यापाऱ्यांनी ते स्वतःच आपल्या मालावर लावलं, एकाचे तीन केले, आणि ‘एक्स’ म्हणजे घाण असं समीकरण झालं. ‘ट्रिपल एक्स’ हा वर्ग कुठल्याही मंडळाने कधी दिलेला नाही, ती दुकानदारांची जाहिरात आहे. १९९० साली ‘एनसी-१७’ हे नवं नाव आणावं लागलं, पण तोवर अनेक वृत्तपत्रं आणि थिएटरं अशा चित्रपटांना दारातच उभं करायला तयार नव्हती. आपल्याकडेही ‘ए’ या अक्षराचं असंच झालं. लहान गावांतल्या टॉकीजबाहेर ते अक्षर चित्रपटाच्या नावाहून मोठं रंगवलेलं मी पाहिलं आहे. प्रौढांच्या जबाबदारीची खूण लालूच म्हणून वापरली गेली, आणि त्यामुळे खरोखर प्रौढांसाठी केलेले गंभीर चित्रपट त्या अक्षराला घाबरून स्वतःलाच कात्री लावू लागले. मधल्या पायऱ्या कमी असल्या की वरच्या पायरीवर गर्दी होते आणि तिथे थोर आणि थिल्लर एकमेकांच्या अंगाला अंग घासून उभे राहतात.

म्हणून अलीकडच्या बदलांचं मी मनापासून स्वागत करते. २०१६ साली श्याम बेनेगल यांच्या समितीने मंडळाचं मुख्य काम कापणं नसून वर्ग ठरवणं असावं असं सुचवलं आणि ‘यूए’चे वयानुसार तुकडे करायला सांगितलं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी मंचांना पाच वर्ग दिले : यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. तिथे आशयाचा संदर्भ, विषय, सूर आणि परिणाम, अपेक्षित प्रेक्षक हे सगळं पाहायचं असतं. भाषा, नग्नता, कामक्रिया, हिंसा, अमली पदार्थ, भीती अशी बाजूबाजूंनी तपासणी करायची असते आणि हे वर्णन प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवायचं असतं. १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलूप आणि ‘ए’साठी वयाची खातरजमा बंधनकारक आहे. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातल्या ‘यूए’लाही हेच ७, १३ आणि १६ चे टप्पे मिळाले.

यातला एक भेद प्रत्येक पालकाने नीट समजून घ्यावा. ‘ए’ ही कायद्याची बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला आत सोडणं हा गुन्हा आहे, आणि तो अडवण्याची जबाबदारी थिएटरवाल्याची आहे. ‘यूए १३+’ हा मात्र पालकांना दिलेला सल्ला आहे. अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही गेलात, तर दारावरचा माणूस तुम्हाला अडवणार नाही. निर्णय तुमचा. टीव्हीचं गणित आणखी वेगळं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर ‘ए’ चित्रपट तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही, तो आधी ‘यू’ किंवा ‘यूए’च्या मापात बसवावा लागतो. म्हणून थिएटरातला, टीव्हीवरचा आणि मोबाइलवरचा एकच चित्रपट तीन वेगळ्या लांबीचा असू शकतो.

या उतरंडीला एक तळ आहे, आणि त्याविषयी या पुस्तकात कुठेही संदिग्धता ठेवलेली नाही. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर ही सर्वांत वरची पायरी नव्हे. तो या जिन्यावरच नाही. तो गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि २०१२ चा पॉक्सो कायदा व माहिती तंत्रज्ञान कायदा त्याला तसंच मानतात. कुणाच्या संमतीशिवाय काढलेली किंवा पसरवलेली खासगी चित्रफीतही तशीच. ‘किती उघड आहे’ हा प्रश्न तिथे विचारायचाच नसतो. ज्या देहाची संमती नाही त्याच्या चित्राला वर्ग नसतो, त्याच्यासाठी पोलीस ठाणं असतं. ‘उघडं’ आणि ‘अन्यायाचं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं जरी तरुण वाचकाच्या मनात पक्कं झालं तरी हे पुस्तक लिहिल्याचं सार्थक होईल.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात शब्द आणि खटले आहेत : अश्लील या कल्पनेचा प्रवास, कर्व्यांपासून अवीक सरकारपर्यंत. दुसऱ्या भागात पायऱ्या आहेत. अमेरिका, ब्रिटन आणि भारत इथल्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक जण रेघ कुठे ओढतो आणि का, हे पाहिलं आहे. तिसरा भाग घरासाठी आहे. प्रमाणपत्र कसं वाचावं, ओटीटीवरचं वर्णन कसं समजून घ्यावं, आणि दृश्य समोर आल्यावर मुलांशी काय बोलावं. चित्रपट, नाटक, मालिका यांची उदाहरणं भरपूर आहेत. उत्तेजक वर्णन कुठेही नाही, कारण पायरी समजावून सांगायला तिच्यावर उभं राहावं लागत नाही.

तिसऱ्या भागावर मी सर्वांत जास्त कष्ट घेतले. आपल्या घरांत एक दृश्य ठरलेलं आहे. सगळे मिळून टीव्ही पाहत असतात, पडद्यावर दोन माणसं जवळ येतात आणि कुणाचा तरी हात रिमोटकडे जातो. वडिलांना पाणी प्यायची आठवण होते, आई स्वयंपाकघरात काहीतरी विसरलेलं पाहायला उठते. माझ्या लहानपणीही असंच होतं. त्या दोन मिनिटांत कुणी काही बोलत नाही, आणि मूल शिकतं की या गोष्टीला नाव नसतं. पुढे ते मूल आपली उत्तरं दुसरीकडून मिळवतं. एके काळी ती लपवून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटमधून मिळत. २०१३ च्या ‘बालक-पालक’ या चित्रपटाने ती पिढी पडद्यावर आणली. आज तेच उत्तर दप्तरातल्या फोनमध्ये आहे, आणि तिथे ना दारावरचा माणूस आहे ना प्रमाणपत्र. कुठलंही मंडळ त्या फोनपर्यंत पोचणार नाही. तिथे पोचू शकते ती घरातली भाषा.

वर्गीकरणाकडे मी त्या भाषेची पूर्वतयारी म्हणून पाहते. ‘यू/ए १६+ : कामक्रियेचे उल्लेख, थोडी नग्नता, शिवराळ भाषा’ ही ओळ कोरडी आहे, पण तिने एक मोठं काम केलेलं असतं. ज्या गोष्टीला घरात नाव नव्हतं तिला तिने शांतपणे, कुणाला दोषी न ठरवता नाव दिलेलं असतं. ती ओळ मोठ्याने वाचता आली, की पुढचं बोलणं सुरू होऊ शकतं.

मागच्या वर्षी एका शिबिरानंतर अशीच एक आई माझ्याकडे आली. फोनवर तिने एका मालिकेचं वर्णन उघडलं होतं. ‘ताई, इथे लैंगिक हिंसा असं लिहिलंय. माझी मुलगी पंधराची आहे. तिच्याबरोबर मी बसून बघू, की आधी तिच्याशी बोलू?’ मी म्हटलं, ‘आधी बोला.’ तिने मान डोलावली आणि पिशवीतून वही काढून काही टिपून घेतलं. अनेक वर्षांत प्रथमच कुणी माझ्यासमोर ‘ते’ हा शब्द वापरला नव्हता. हे पुस्तक मी त्या वहीसाठी लिहिलं आहे.